मधल्या सीटचा लोभ

...ते सगळं ठीक आहे हो, पण पाय कुठे ठेवायचे? पायांचं कोणी बोलतच नाही! गाडीला डोक्यावर काचेचं छप्पर आहे, बसल्या बसल्या ढग बघा. दाराच्या कडेनं निळा, जांभळा, हिरवा उजेड येतो, ख्रिसमसचा गोठा सजवल्यासारखा. पुढे टीव्ही आहेत, एक नाही, दोन! सीटमधून गार वारा येतो... म्हणजे खालून येतो, आता चारचौघांत कसं सांगू तुम्हाला, पण येतो. बाटली ठेवायला जागा, मोबाइल ठेवायला जागा, चष्मा ठेवायला जागा, छत्री ठेवायला दारातच खोबण. आणि बर्नडेटचे दोन पाय ठेवायला? नाही! ते पाय मी पाच महिने गुडघ्यांसकट हनुवटीखाली घेऊन फिरतेय!

शेवटच्या रांगेत बसते ना मी. आणि ही विजेची गाडी, तिची बॅटरी म्हणे खाली जमिनीत पसरलेली. म्हणजे जमीन वर आली. मग सीट पण वर यायला नको? ती नाही आली! मग तुम्हीच सांगा, माणसानं बसायचं कसं? उकिडवं! आमच्याकडे उत्तनला बोंबील सोलायला बसतात बायका, तशी मी लाखोंच्या गाडीत बसते. फक्त पुढ्यात विळी नाही, एवढाच फरक.

पण तुम्हाला सांगते, चूक माझीच. मला एक वाक्य बोलायची खोड आहे. लहानपणापासूनची. "मला कुठंही चालतं." झालं! घरात चौदा माणसं झोपायची, "बर्ना, तू कुठे झोपतेस?" मला कुठंही चालतं. दाराजवळ, वाऱ्यात. लग्नाच्या फोटोत, हो, माझ्या स्वतःच्या लग्नाच्या, फोटोवाला म्हणाला, "नवरी जरा कडेला सरका, मावशी येतायत." सरकले! मला कुठंही चालतं. त्या फोटोत मावशी मधोमध आहे आणि माझा फक्त अर्धा व्हेल, डोक्यावरची ती जाळी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका सीटचं एवढं काय घेऊन बसलीस? सांगते. कारण आहे.

मी तीस वर्षं भायंदरच्या बाजारात मासळी विकली. पहाटे उत्तनहून बस पकडायची, डोक्यावर पाटी. आणि बसमध्ये पाय ठेवला रे ठेवला की कंडक्टर, "ओ मावशी, मागं! मागं! एकदम शेवटी!" पुढे सीट रिकामी असली तरी मागे. वास येतो ना. लोक नाकाला रुमाल लावायचे. मला राग नाही यायचा, खरंच नाही, वास येतोच, मासळी काय चाफ्याची असते? पण शेवटच्या सीटवरून मला तीस वर्षं फक्त लोकांची डोकी दिसली. टक्कल कोणाला पडतंय, केस कोण काळे करतंय, सगळं मला आधी कळायचं. समोरचा रस्ता नाही दिसला कधी. म्हणून मनात एक होतं... कधीतरी आपण मधे बसावं. नीट. टेकून. पाय लांब करून.

तर आमच्या थोरल्यानं, डॅरेननं, गाडी घ्यायची ठरवली. मिरा रोडला शोरूम आहे, तिकडे सगळी वरात गेली. डॅरेन, केली म्हणून त्याची बायको, त्यांची चार वर्षांची ॲमंडा, माझा धाकटा इव्हान, मी आणि आमचे मिस्टर, कॅजिटन. मिस्टर म्हणजे तांडेल हो, बोटीचे मुख्य. पस्तीस वर्षं बोट चालवली त्यांनी, आता गुडघ्यांनी सांगितलं बस झालं, म्हणून किनाऱ्यावर असतात. असतात म्हणजे काय, किनाऱ्यावरून दुसऱ्यांच्या बोटींना ओरडत असतात.

शोरूममध्ये एक नेहा म्हणून मुलगी होती. गोड मुलगी, पण एका वाक्यात तीन भाषा! "आंटी, ये देखो, ही आपली सेकंड रो, इथे कॅप्टन सीट आहे, दोन्ही बाजूला हात ठेवायला, मधून चालायला जागा, बैठो ना आंटी, फील करून बघा!" मी म्हटलं, नको, माझे कपडे... सीट क्रीम रंगाची हो! आपल्या घरात पांढरी चादर अंथरायला मी घाबरते. ती म्हणाली, "बैठो तो!" आणि बसवलंच मला.

काय सांगू तुम्हाला... त्या खुर्चीनं मला मांडीवर घेतलं! खरं सांगते, आई गेल्यावर मला कोणी असं घेतलं नव्हतं. नेहानं एक बटण दाबलं, पाठ मागे गेली. दुसरं दाबलं, पोटऱ्यांखालून एक गादी वर आली आणि माझे पाय तरंगायला लागले! आणि समोर बघते तर मोठ्ठी काच, काचेतून रस्ता. शोरूमच्या बाहेरचा रस्ता, रिक्षा उभ्या, एक गाय, पण रस्ता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नेहा घाबरली, "आंटी, एसी जास्त झाला का?"

तेवढ्यात डॅरेन विचारतोय, "मम्मी, सहा सीटवाली घेऊ की सातवाली? सातवालीत मधे लांब बाक येतो, सहावालीत ह्या दोन खुर्च्या." आणि मी, जिला आयुष्यात कुठंही चालतं, ती मी, पटकन बोलले, "सहावाली!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिस्टर म्हणाले, "बर्ना बोलली? मंग घ्या सहावाली. चाळीस वर्षांत पयल्यांदा बोलली."

बोलले आणि फसले! बाक असता तर तीन जणं मावली असती मधे. आता मधे दोनच खुर्च्या. म्हणजे कोणीतरी दोघांनी मागे जायचं. मला हे गणित सुचलंच नाही. मी पाय तरंगवत बसले होते ना!

गाडी आली. आमच्या गल्लीत येत नाही ती, गल्ली कसली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पाठ भिंतीला लावायची. गाडी उभी असते रस्त्याकडेच्या मैदानात. तिथे फादर आले आशीर्वाद द्यायला. फादरनी प्रार्थना म्हटली, बाहेरून पाणी शिंपडलं, मग दार उघडून आत शिंपडायला हात उचलला आणि केली धावली! "फादर, बाहेरून! फक्त बाहेरून! सीटवर डाग पडतात!" फादरचा हात हवेतच. मग बिचाऱ्यांनी दोन थेंब स्टेअरिंगवर सोडले आणि केलीनं ते टिश्यूनं पुसले! मी मनात म्हटलं, देवा, रागावू नकोस, नवीन गाडी आहे.

आणि मग डॅरेन म्हणाला, "चला, बसा!"

आता बघा हं कसं झालं. डॅरेन चालवणार, म्हणजे त्याची जागा ठरलेली. केली पुढे, कारण तिला मागे बसलं की उलटी होते. मधली उजवी खुर्ची ॲमंडाची, कारण तिची ती लहान मुलांची सीट तिथे अडकवली, ती म्हणे सारखी काढायची नसते. राहिली मधली डावी. माझी! मी पाऊल उचललं... आणि इव्हान. इव्हान सहा फूट दोन इंच आहे. तो आधी मागे जाऊन बघून आला, मान वाकडी, गुडघे कानाला, म्हणाला, "मम्मी, मी मागे बसलो तर उतरताना डॉक्टर लागेल." आणि डॅरेननं विचारलं, म्हणजे प्रेमानं विचारलं हो, "मम्मी, तू मागे बसशील? तुला चालेल ना?"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? सांगा! तुम्हीच सांगा!

"मला कुठंही चालतं."

जिभेला हाड नाही, पण निदान ब्रेक तरी असावा ना!

मिस्टर तर कोणी सांगायच्या आधीच मागे जाऊन बसले होते. नेहा गाडी द्यायला आली होती, ती म्हणाली, "अंकल, आप कॅप्टन हो ना, कॅप्टन सीटवर बसा!" हे म्हणाले, "पोरी, तांडेल कुठं बसतो बोटीत? मागं! सुकाणू मागं असतंय. मागं बसला की सगली बोट डोळ्यासमोर. मधी खलाशी बसतात, झोपायला." झालं! नियम ठरला. तांडेल मागे, आणि तांडेलाची बायको तांडेलाशेजारी.

मागे जायचं कसं, तेही ऐका. ती मधली चालायची जागा मला पुरत नाही, म्हणून मधली खुर्ची बटण दाबून पुढे वाकवायची, ती अशी "ज्ज्ज्ज..." करत सावकाश वाकते, तेवढ्यात माझी अर्धी जपमाळ म्हणून होते, मग त्या फटीतून खेकड्यासारखं आडवं आत शिरायचं. साडी सांभाळायची, पर्स सांभाळायची, डोकं सांभाळायचं. आणि वरून केली, "मम्मी, सँडल सीटला लावू नका हं!" अगं, सँडल कुठे आहे तेच मला दिसत नाही, मी आडवी आहे!

आणि प्रवासभर तांडेल सुरू. मागून! "डॅरेन, डावी घे! समोर टेम्पो! दाब जरा, दाब!" डॅरेन म्हणतो, "डॅडी, गाडीला कॅमेरे आहेत सगळीकडे." "कॅमेऱ्याला वारा कळतो काय?" वारा! मिरा रोडच्या ट्रॅफिकमध्ये यांना वारा लागतो! आणि त्या गाडीला आवाज नाही ना अजिबात, त्याचा यांना फार त्रास. सिग्नलला गाडी थांबली की कान सीटला लावतात. "इंजिनाचा आवाज न्हाय. जिती हाय का मेली, कळनार कसं?" आणि त्याच क्षणी गाडीतली बाई बोलते, "प्लीज फासन युवर सीट बेल्ट." हे म्हणतात, "जिती हाय."

मी एकदा युक्ती केली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना हो, ती संपायच्या आधीच निघाले, शेवटचं गाणं सुरू होतं, देवा क्षमा कर, आणि धावत येऊन मधल्या खुर्चीत बसून राहिले. सगळे आले. इव्हान गुपचूप मागे गेला. मी जिंकले! गाडी निघाली. मी पाठ टेकली. आणि आरशात मला इव्हान दिसला... मान एका खांद्यावर, गुडघे इथे, हात कुठे ठेवावे कळत नाही म्हणून स्वतःलाच मिठी मारून बसलेला. बर्फाच्या पेटीत मोठी सुरमई कोंबतात ना वाकवून, अगदी तशी! एवढा मोठा मुलगा, एक शब्द बोलेना. पेणकरपाड्यापर्यंत मी कशीबशी तग धरली. मग म्हटलं, "डॅरेन, थांबव रे." उतरले, "ज्ज्ज्ज..." खुर्ची वाकवली, आणि गेले मागे. "इव्हान, ये बाबा पुढे. मला कुठंही चालतं."

त्या रात्री मला झोप नाही. म्हणजे गुडघे दुखत होते म्हणून नाही, मन दुखत होतं म्हणून. आपल्याला एवढं का वाटतंय एका खुर्चीसाठी? हा लोभ आहे, बर्नडेट, लोभ! मग मी शनिवारी कबुलीजबाबाला गेले. गुडघे टेकले, निदान तिथे गुडघे टेकायला जागा असते, आणि म्हटलं, "फादर, मी लोभ केला." फादर जाळीपलीकडून हळू आवाजात, "कशाचा लोभ, मुली?" म्हटलं, "मधल्या सीटचा, फादर. आमच्या गाडीतल्या." थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, फादर प्रार्थना करतायत माझ्यासाठी. मग म्हणाले, "ती इलेक्ट्रिक ना? एका चार्जिंगमध्ये किती जाते?"

सांगितलं त्यांना, डॅरेन म्हणतो ते सगळं सांगितलं. शेवटी फादर म्हणाले, "मुली, मागणं हे पाप नाही. तोंड उघडून माग." आणि प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' म्हणायला दिल्या. मागण्याबद्दल नाही हं, मिस्सा अर्धी सोडून पळाल्याबद्दल! वेदीवरून बघितलं होतं त्यांनी मला.

मग रविवारी मी मागितलं. सगळे गाडीपाशी उभे, मी घसा साफ केला, पर्स दोन्ही हातांनी धरली आणि म्हटलं, "मला मधली सीट पाहिजे."

डॅरेन म्हणाला, "मम्मी, तुला बरं वाटत नाही का?" केलीनं माझ्या कपाळाला हात लावला! म्हणजे बघा, मी काहीतरी मागितलं तर घरच्यांना वाटलं ताप आला! म्हटलं, मी ठणठणीत आहे, मला रस्ता बघायचाय. इव्हान पोरगा गुणी, म्हणाला, "अगं मग आधीच सांगायचं ना मम्मी! मी बसतो मागे. मी डुलकी काढेन." आणि बसला. हसत बसला. मला मेल्यासारखं झालं, पण मी घट्ट राहिले. फादरनी सांगितलंय!

तर मी बसले. मधे. टेकून. पाय तरंगवले. आणि गाडी चर्चच्या वळणाला पोचायच्या आत पहिली हाक. "ग्रॅनी, पाणी." दिलं. "ग्रॅनी, बाटली पडली." वाकले, पाय खाली, बाटली उचलली. "मम्मी, टिश्यू द्या ना, ॲमंडाचं तोंड पुसा, सीटवर सांडेल!" पुसलं. मागून तांडेल, "बर्ना, डॅरेनला सांग, टायरात हवा कमी हाय." सांगितलं. पुढून डॅरेन, "मम्मी, डॅडींना सांग, हवा स्क्रीनवर दिसते, बरोबर आहे." सांगितलं. मागून, "त्याला सांग, स्क्रीनला काय कळतंय!" सांगितलं. "मम्मी, त्यांना सांग..." अरे, मी मधली सीट मागितली होती, मधलं पोस्ट ऑफिस नाही! आणि पाठीत इव्हानचे दोन गुडघे, असे, टाक... टाक... खड्डा आला की टाक! आणि समोरचा रस्ता? समोरच्या सीटवर केलीचे केस, त्यावर गॉगल, वर तो आरसा. रस्ता दिसला मला, नाही असं नाही. एवढासा, केली खाली वाकली की!

एका रविवारचं सुख भोगलं आणि दुसऱ्या रविवारी मी आपणहून "ज्ज्ज्ज..." खुर्ची वाकवली आणि आडवी आत शिरले. डॅरेन म्हणाला, "अगं मम्मी, मधे बस ना, हट्टानं मागितलीस ना?" काय सांगू त्याला? म्हटलं, "असू दे रे. मला कुठंही चालतं."

तर असं चाललं होतं. आणि मग ॲमंडा झोपली.

थांबा, चार्जिंगचं सांगायचंच राहिलं. घराजवळ ती गाडी चार्ज होत नाही. घर आत, गाडी बाहेर, वायर पोचत नाही. इव्हाननं मोजलं, अकरा घरांच्या वरून वायर न्यावी लागेल आणि मधे बोंबील वाळत घातलेले! म्हणून दर रविवारी मिस्सा झाली की सगळं घर गाडीत बसून काशीमिऱ्याला हायवेवर एका हॉटेलापाशी जातो, तिथे चार्जिंगचं यंत्र आहे. पूर्वी मुलांना डोस पाजायला न्यायचे ना, तसं आम्ही गाडीला नेतो. ती तासभर पिते, तोवर आम्ही हॉटेलात डोसा खातो.

तर त्या रविवारी पोचलो आणि बघतो तर ॲमंडा गाढ झोपलेली. तिला उचललं की ती किंचाळणार. केली म्हणाली, "कोणीतरी हिच्याजवळ थांबायला हवं." आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आधीच इव्हान म्हणाला, "मम्मीला कुठंही चालतं." आता माझं वाक्य सगळ्यांना पाठ झालंय ना!

गेले सगळे डोसा खायला. मी मागून बाहेर आले. ॲमंडाच्या शेजारची खुर्ची रिकामी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बसले.

तुम्हाला सांगते... गाडी चालू नाही. हलत नाही. कोणी ओरडत नाही. कोणाला टिश्यू नको, कोणाला निरोप नको. पाठीत गुडघे नाहीत. पुढे केलीचे केस नाहीत! समोर सगळी काच मोकळी आणि काचेतून अख्खा हायवे! ट्रक चाललेत, बस चालल्यात, टेम्पोत उभ्या बायका चालल्यात, मी सगळ्यांना बघतेय. मी बटण दाबलं. पाठ मागे. दुसरं दाबलं. पाय वर. तिसरं कशाचं आहे माहीत नव्हतं, दाबलं, आणि खालून गार वारा सुटला! मी "अगं बाई" म्हणून उडाले, मग हळूच परत बसले. सवय झाली हो लगेच.

दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दार उघडलं. मिस्टर! हातात कागदात गुंडाळलेला मेदूवडा, माझ्यासाठी. मला त्या अवस्थेत बघितलं, पाय वर, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "आरामात हाय!" मी गडबडीनं पाय खाली घ्यायला लागले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि स्वतः दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीतून, वाकून वाकून, कण्हत कण्हत, मागे जाऊन बसले. गाडी रिकामी, पुढे दोन जागा मोकळ्या, तरी हे मागे!

मी म्हटलं, "अहो, बोट किनाऱ्याला लागलीय. आता कशाला सुकाणू धरून बसताय? पुढे या की. गुडघे दुखतात तुमचे."

तर काय म्हणाले माहीत आहे? वड्याचा कागद उलगडला. मग म्हणाले, "सुकाणूचं काय न्हाय गं. त्या दिवशी गाडी आली तवाच मला ठाऊक होतं. तुला इचारनार, तू कुठंही चालतं म्हननार, आन् तुला मागं बसवनार. मंग एकटी कशाला बसशील मागं? पयल्यानं तीस वर्षं बसली तेवढी बस झाली."

म्हणजे बघा! मी पाच महिने त्यांना मनात शिव्या घालत होते, म्हटलं याच माणसाच्या तांडेलकीपायी मी मागे अडकले. आणि हा माणूस स्वतःचे दुखरे गुडघे घडी करून माझ्यासाठी तिथे बसला होता! मला रडूच येणार होतं. पण खालून गार वारा सुरू असताना माणसाला नीट रडता येत नाही हो, तेही खरं.

मी म्हटलं, "मग बोलायचं ना कधी." म्हणाले, "तू तरी कुठं बोलली?"

वडा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. चटणी न सांडता! क्रीम सीट आहे.

तर आता काय, गाडी चालू असताना मी मागेच बसते, यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघे लावून. आता इतकं कळल्यावर मधे कशी बसू? माणसानं आयुष्यात एकदा बोलावं आणि तेही असं बोलावं की बायकोची सीटच जावी! कायमची! हे अजून "डावी घे, डावी घे" ओरडतात, पण मला आता ते ऐकू येत नाही पूर्वीसारखं.

आणि गाडी उभी असली की मी मधे. चार्जिंगचा तास माझा. ॲमंडा झोपत नसेल तर मी तिला गाणं म्हणते, काशीमिरा यायच्या आत झोपवतेच.

पण आठवड्यातून एकच रविवार येतो हो. म्हणून मग... तुम्ही कोणाला सांगू नका. गाडीचं कार्ड, म्हणजे तिची किल्लीच ती, आमच्या घरात मरियमाईच्या तसबिरीखाली खिळ्याला असतं. दुपारी डॅरेन आणि केली कामावर, इव्हान बाहेर, ॲमंडा बालवाडीत. मी म्हणते, "अहो, जरा गाडीच्या सीटा झटकून येते." हे मान डोलवतात, विचारत नाहीत. मैदानात जाते, बसते, पाय वर, वारा चालू, एसी चालू, तासभर, कधी दीड तास. माझ्याबरोबरची उर्मिला, बाजारात शेजारी बसायची माझ्या, ती येते कधी. ॲमंडाच्या खुर्चीवर तिला बसवत नाही, पुढे बसवते, केलीच्या जागी. तिला उलटी होत नाही.

परवा डॅरेन मोबाइल घेऊन बसला होता, कपाळाला आठ्या. "मम्मी, हे बघ, गाडी सोमवारपासून मैदानातून हललेली नाही आणि बॅटरी एवढी खाली? असं कसं?" त्यानं नेहाला फोन केला. ती बिचारी आली, लॅपटॉप लावला, दोन तास बघितलं, म्हणाली, "सर, गाडी तो एकदम ओके आहे, काहीच फॉल्ट नाही." मी चहा करून दिला तिला. मला काय कळतंय त्यातलं! मिस्टर कोपऱ्यात जाळं विणत होते, मान खाली, पण खांदे हलत होते त्यांचे.

शेवटी डॅरेन वैतागून म्हणाला, "मम्मी, आता बुधवारी संध्याकाळी पण जावं लागणार चार्जिंगला. ॲमंडा असेल, तू येशील का? तासभर नुसतं बसायचं असतं, तुला कंटाळा येतो मला माहिती आहे, पण..."

मी मोठ्ठा सुस्कारा सोडला. म्हटलं, "येते रे बाबा, काय करणार! कोणीतरी बसायला लागणारच ना!"